चित्रकलेचा तास कोणी खाल्ला?

वेळापत्रकात तास आहे. शुक्रवारी दुपारी शेवटचा, नाहीतर शनिवारी सकाळच्या शाळेत घंटा व्हायच्या आधीचा. कागदावर तो कधी चुकत नाही. वर्गात मात्र त्या तासाला गणिताची उजळणी होते, मागे राहिलेला धडा उरकला जातो, गॅदरिंगची तालीम होते. बाईंना तातडीची माहिती वर पाठवायची असली की मॉनिटर पट्टी घेऊन उभा राहतो आणि मुलांना हुकूम सुटतो, ‘आवाज न करता चित्र काढा.’ कसलं चित्र, कशानं, कशावर, याचा कुणालाच पत्ता नसतो.

गणिताचा तास आठवडाभर झाला नाही तर पालक शाळेत येऊन उभे राहतात. चित्रकलेचा तास वर्षभर झाला नाही तरी कुणाच्या लक्षात येत नाही. हा तास एकट्यादुकट्यानं खाल्लेला नाही, सगळ्यांनी मिळून खाल्लाय. म्हणून एकेकाकडे हिशेब मागायला हवा.

पहिला हिशेब सरकारचा

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. कोणत्या शाळेला किती शिक्षक द्यायचे, हे त्याच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक द्यावेत, असं ते परिशिष्ट म्हणतं. पहिली ते पाचवीसाठी कलाशिक्षकाचा उल्लेखच नाही. पट साठपर्यंत असेल तर दोन शिक्षक. त्यांनीच मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास शिकवायचा आणि त्यांनीच चित्र, गाणं, नाच, मातीकाम, कवायत घ्यायची. ज्या वयात मूल कोळसा दिसला की भिंतीवर आणि काडी सापडली की मातीत रेघा ओढतं, त्याच वयाला कायद्यानं कलाशिक्षक दिला नाही. वरच्या वर्गांना दिला, तोही अर्धवेळ. आणि खेडोपाडी सहावी ते आठवीचा पट शंभरावर जातो कुठे? म्हणजे तिथंही दार बंदच.

जिथं नेमणूक करायची ठरली, तिथं भाव काय लावला? २०१५ च्या शासन निर्णयात कला, क्रीडा आणि कार्यानुभवाच्या अतिथी निदेशकांना तासाला ५० रुपये मानधन ठरवलं गेलं. रंग, रेषा आणि बालमानस शिकून ए. टी. डी. ही कलाशिक्षकाची पदविका घेतलेल्या माणसाला ५० रुपये! कलाशिक्षकांनी याचा निषेध केला आणि तो रास्त होता. ज्या राज्याच्या मुंबईत १८५७ साली सर ज. जी. कला महाविद्यालयाची मुहूर्तमेढ रोवली गेली, त्या राज्यानं कलाशिक्षकाची ही किंमत करावी, ही शरमेची गोष्ट आहे.

धोरणांची मात्र वाण नाही. कला हा विषय दहावीपर्यंत सक्तीचा असावा, असं २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासोबतच्या कलाशिक्षणावरच्या टिपणानं सांगितलं. अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय अशी भिंत नको, असं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं. ‘खेळू, करू, शिकू’ या नावाचं बालभारतीचं पाठ्यपुस्तकही आहे. त्यात कला, कार्यानुभव, आरोग्य आणि शारीरिक शिक्षण एकत्र बांधलंय. पुस्तक आहे, धोरण आहे, आराखडा आहे. शिकवणारं माणूस नाही. पद मंजूर केल्याशिवाय धोरण वर्गात पोचत नाही, इतकी साधी गोष्ट आहे ही.

पस्तीस मिनिटांचा हिशेब

आता वर्गात चला. दुसरीचा वर्ग, चाळीस मुलं, बाई हौशी आहेत आणि आज जलरंग करायचे असं त्यांनी ठरवलंय. तासिका पस्तीस मिनिटांची. नळ पटांगणाच्या टोकाला, म्हणून दोन मुलांना बादली घेऊन पाठवलं. करवंट्या, जुने कप, आइस्क्रीमचे डबे पुढ्यात मांडले. ब्रश बारा, म्हणून तिघा-चौघांत एक. कुणी ब्रश चावतंय, कुणाचं पाणी सांडलंय, कुणाच्या पांढऱ्या सदऱ्यावर निळा डाग पडलाय आणि त्याला रडू फुटलंय, कारण घरी गेल्यावर ओरडा बसणार. वाटपात दहा-बारा मिनिटं गेली. आवरायला दहा लागणार. हाती उरली जेमतेम तेरा ते पंधरा. त्यात ओली चित्रं वाळत घालायची कुठे? बाकांवर पुढचा तास आहे, व्हरांड्यात वारा आहे, दोरी बांधायला खिळा नाही. शेजारच्या वर्गातून निरोप येतो, ‘जरा आवाज कमी करा.’ इतकं झाल्यावर त्या बाईंनी पुढच्या आठवड्यात पुन्हा रंग काढले नाहीत, तर दोष त्यांना देऊ नका.

दोष रचनेचा आहे. जोडतास दिला असता तर हे सगळं सत्तर मिनिटांत निवांत झालं असतं. कपाटात ब्रश, दोरी, चिमटे, जुने शर्ट ठेवलेले असते तर सदऱ्याची रडारड झाली नसती. पण साहित्य आणायचं कुठून? समग्र शिक्षा योजनेतून तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये संयुक्त अनुदान ठरलेलं आहे, एकतीस ते शंभर मुलांच्या शाळेला २५ हजार. त्यातून वीजबिल, खडू, हजेरीपट, झाडू, फिनेल, किरकोळ दुरुस्ती. रंगांची पाळी येण्याआधीच पैसे संपतात. मग शिक्षिका पदरमोड करतात किंवा साहित्य मुलांवर सोपवलं जातं. एकाकडे चोवीस रंगांची नवी पेटी असते, शेजारच्याकडे तेलखडूचे तीन तुकडे आणि त्यातला काळा संपलेला. पेटीवाला झाकण हातानं दाबून धरतो. त्या बाकावर मुलं चित्रकला शिकत नसतात. आपल्या घरात काय आहे आणि काय नाही, हे शिकत असतात.

फळ्यावरचे दोन डोंगर

महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलाला ‘निसर्गचित्र काढ’ म्हणा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळण घेत येणारी नदी, काठावर कौलारू घर, बाजूला नारळाचं झाड, आकाशात चार पक्षी. लातूरच्या सपाट रानातलं मूल हेच काढतं, भंडाऱ्याच्या तळ्याकाठचं हेच काढतं आणि चेंबूरच्या चाळीतलंही हेच. कुणीही स्वतः पाहिलेलं काढत नाही. सगळे फळ्यावर पाहिलेलं काढतात. गुरुजी फळ्यावर काढतात, मुलं वहीत उतरवतात, ज्याचं हुबेहूब त्याला ‘छान’ हा शेरा. पिढ्यान्‌पिढ्या आपण हेच चित्र एकमेकांच्या हाती देत आलोय.

मुलांची स्वतःची चित्रं वेगळी असतात. दुसरीतल्या मुलीला आठवडी बाजार काढायला सांगा. तिची आई दुकानापेक्षा मोठी असते. आईच्या पिशवीतले टोमॅटो पिशवीच्या आरपार दिसतात. रस्ता मधोमध आणि दोन्ही बाजूंची माणसं आडवी झोपल्यासारखी, कारण दोन्हीकडच्या माणसांचे पाय रस्त्याला टेकलेले दाखवायचे आहेत. हे चुकलेलं चित्र नव्हे. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ सालच्या ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ या पुस्तकात मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले. जे महत्त्वाचं ते मोठं काढणं, आतलं बाहेरून दाखवणं, जमिनीसाठी एक रेघ धरून तिच्यावर सगळं उभं करणं, ही साधारण सात ते नऊ वर्षांच्या मुलांची रीत म्हणून त्यांनी नोंदवली. मूल डोळ्यांना दिसतं तेवढंच काढत नाही. त्याला जे माहीत आहे आणि जे वाटतं, ते काढतं.

अशा चित्रावर वर्गात काय प्रतिक्रिया येते? ‘आई दुकानापेक्षा मोठी असते का? खोड ते.’ मुलगी खोडते. कागद फाटतो. पुढच्या वेळी ती दोन डोंगर काढते आणि तिला ‘छान’ मिळतं. एका खोडरबरानं तिला शिकवलं की आपलं पाहणं चूक आणि फळा बरोबर. एवढं नुकसान एखाद्या विषयात नापास होऊनही होत नाही.

तीच गत माणसांच्या रंगाची. सावळी, काळीसावळी, गव्हाळ मुलं स्वतःचं चित्र काढताना पेटीतला फिकट गुलाबी खडू उचलतात, कारण छापील चित्रांतली माणसं तशीच असतात. तपकिरीवर थोडा पिवळा घोटून आपल्या हाताचा रंग शोध, असं बाईंनी एकदा म्हणायला हवं. एका तासिकेत होणारं काम आहे, आणि त्यातून मूल स्वतःच्या कातडीकडे मान वर करून बघायला शिकेल.

‘मलाच चित्र येत नाही’

शिक्षकांकडून सर्वाधिक ऐकू येणारं वाक्य हेच. मी काय शिकवणार, मला साधा आंबा नीट काढता येत नाही. हे वाक्य प्रामाणिक आहे, पण त्यातला समज चुकीचा आहे. पहिली-दुसरीच्या मुलांना चित्र काढून दाखवणारा शिक्षक नकोच आहे. विषय देणारा, प्रश्न विचारणारा आणि मुलाचं काम मन लावून बघणारा हवाय. ‘पोळ्याच्या दिवशी’, ‘एसटीत गर्दी झाली तेव्हा’, ‘रात्री लाईट गेली तेव्हा’ असे विषय द्या. मग विचारा, बैलाच्या शिंगांना काय बांधलं होतं? बैलापुढे कोण चाललं होतं? तू कुठं उभा होतास? मूल आठवतं, बोलतं आणि काढतं. यासाठी हातात कसब लागत नाही. कान लागतो.

हा मार्ग परदेशातून आणायची गरज नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून हाताच्या कामातून शिकवणारी नई तालीम पुढे आली. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ साली सेवाग्रामला आले आणि तिथल्या मुलांसोबत त्यांनी कलाशिक्षणाचं काम केलं. त्या अनुभवातून त्यांनी ‘आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन’ हे पुस्तक लिहिलं. कला शिक्षणाच्या कडेला नसून पायाशी आहे, हे आपल्याच वर्ध्यात करून दाखवलं गेलं. पुस्तक आजही उपलब्ध आहे. शिक्षक प्रशिक्षणांत पोर्टलवर माहिती कशी भरायची ते शिकवलं जातं. तिथं या पुस्तकातलं एक प्रकरण वाचून घेतलं तर कुणाचं काय बिघडेल?

नोंदी, स्पर्धा आणि पालक

२०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. प्राथमिकला कलेची लेखी परीक्षा नाही, वर्षभराच्या कामावरून आकारिक मूल्यमापन करायचं आणि वर्णनात्मक नोंद लिहायची. विचार उत्तम. व्यवहारात सत्र संपायच्या आठवड्यात तयार नोंदींची यादी फोनवर येते आणि ती नावापुढे उतरवली जाते. ‘रंगसंगती छान साधतो.’ ज्याला वर्षभरात रंग मिळालाच नाही, त्याच्या नावापुढेही हे वाक्य असतं. ही नोंद खोटी आहे आणि ती शिक्षकाला सही करून लिहावी लागते. त्यापेक्षा प्रत्येक मुलाची एक फाईल ठेवा. जूनचं चित्र, दिवाळीनंतरचं चित्र, मार्चचं चित्र, मागे तारीख. तीन कागद शेजारी ठेवले की मूल कुठून कुठे आलं, ते तपासायला आलेल्या अधिकाऱ्यालाही दिसेल.

स्पर्धांबद्दल स्पष्टच बोलायला हवं. पुढाऱ्याचा वाढदिवस आला की चित्रकला स्पर्धा, सप्ताह आला की पोस्टर स्पर्धा. विषय ठरलेले: झाडे लावा, पाणी वाचवा, व्यसनमुक्ती. सहा वर्षांच्या मुलानं व्यसनमुक्तीवर काय काढायचं? ते फोनवरचं पोस्टर बघून कवटी आणि सिगारेट काढतं आणि आयोजक फोटो काढून घेतात. पहिली ते चौथीच्या मुलांच्या चित्रांना नंबर देऊच नयेत. चाळीस मुलांत एक पहिला ठरतो आणि एकोणचाळीस जणांना कळतं की आपल्याला चित्र येत नाही. त्यातली बरीचशी आयुष्यभर तसंच म्हणत राहतात. चाळीसच्या चाळीस चित्रं भिंतीवर लावा, नावं लिहून.

पालकांना चित्रकलेची आठवण होते ती एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांच्या वेळी, कारण इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. ‘अ’ श्रेणीला ७, ‘ब’ ला ५, ‘क’ ला ३. मग क्लास लागतो, स्मरणचित्रासाठी माणसांच्या आकृत्या पाठ केल्या जातात, संकल्पचित्राचे ठरावीक आकार घोटून घेतले जातात. गुणांसाठी का होईना, मुलं रंग हातात घेतात, हे ठीक. पण पहिलीत त्या हातातून खडू काढून घ्यायचा आणि आठवीत क्लासची फी भरून परत द्यायचा, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

हाताशी काय आहे

सरकार जागं होईपर्यंत मुलं थांबणार नाहीत. ती मोठी होतात. म्हणून आहे त्यात सुरुवात करावी लागेल, आणि करता येते.

भेंडी आडवी कापली की फुलाचा ठसा तयार. शिरा उठून दिसणारं पान उलटं ठेवून वर कागद धरा, खडू आडवा घासा, पानाची जाळी उमटते. गेरू, चुना, हळद, कोळसा यांच्यापासून चार रंग होतात आणि खर्च नगण्य. कार्यालयांतले पाठकोरे कागद, वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका यांवर वर्षभराचं कोलाज आणि घडीकाम निघतं. फरशीवर खडूनं काढायला कागदही लागत नाही. पोळ्याला मातीचे बैल, दिवाळीत किल्ले मुलं घरी करतातच; तेच वर्गात आणा आणि त्यावर बोला. तिघांत एक पेटी द्या, पण पेटी शाळेची असू द्या. ओल्या रंगांचं काम शनिवारी दोन तास जोडून घ्या, बाकी दिवस तेलखडू आणि कागदकाम.

आणि गावातली माणसं शाळेत बोलवा. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या वारली चित्रांमुळे ते जगाला ठाऊक झाले, ती मुळात लग्नघरातल्या बायकांनी गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेली. कुडाळजवळच्या पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना चित्रकथी आणि बाहुल्यांच्या कलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या शाळांच्या भिंतींवर ठेकेदार वारली आकृत्या रंगवून जातो, आणि त्याच गावातल्या, खरंखुरं चित्र लिहिणाऱ्या आजीला शाळेचं फाटक कुणी उघडत नाही. कुंभार, बुरूड, रांगोळी काढणारी मावशी, आकाशकंदील करणारा दादा, मूर्ती घडवणारे काका यांना महिन्यातून एकदा मानानं बोलवा. त्या दिवसाचं मानधन द्या. मुलांना शिकवणारी माणसं गावात आहेत, ती फक्त हजेरीपटावर नाहीत.

मागणी

प्राथमिक शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक पूर्णवेळ, पूर्ण पगाराचा कलाशिक्षक द्या. तो केंद्रातल्या शाळांमध्ये ठरलेल्या दिवशी जाईल, मुलांसोबत काम करेल आणि वर्गशिक्षकांना हात देईल. शाळा अनुदानात कलासाहित्यासाठी वेगळा, दुसरीकडे वळवता न येणारा हिस्सा ठेवा. आठवड्यातून एक जोडतास वेळापत्रकात बांधून द्या आणि शाळा तपासताना मुलांची चित्रं मागा. यातलं एकही काम अवघड नाही.

वाचकहो, तुमचं मूल किंवा नातवंड प्राथमिक शाळेत असेल तर पुढच्या पालकसभेत एकच गोष्ट मागा: ‘या महिन्यात आमच्या मुलानं स्वतः काढलेली चित्रं दाखवा.’ फळ्यावरून उतरवलेली नकोत, छापील चित्रात रंग भरलेली नकोत. चित्रं नसतील तर शिक्षकांवर आवाज चढवू नका. त्यांच्या शेजारी उभे राहा आणि शाळा व्यवस्थापन समितीत ठराव मांडा. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, हे शिक्षण हक्क कायद्यानंच सांगितलंय. बहुमत तुमचं आहे. तास परत मिळवा.